नवं आयटम कार्ड डेकमध्ये कुणाची जागा घेतं?

पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेमचा ‘टेम्पोरल फोर्सेस’ हा संच २२ मार्च २०२४ ला इंग्रजीत बाजारात आला. त्याआधी कार्डांची यादी बाहेर पडली तेव्हा चर्चा होती ती रेजिंग बोल्ट इएक्स, आयर्न क्राउन इएक्स अशा बड्या पोकेमॉनची. साहजिकच आहे. चित्रं देखणी, आकडे मोठे. पण त्याच संचातलं एक कार्ड पुढे एकमेकांशी काही संबंध नसलेल्या कितीतरी डेकमध्ये चार-चार प्रतींनी जाऊन बसलं, आणि त्या कार्डावर एकही हल्ला नव्हता. बडी-बडी पॉफिन हे त्याचं नाव. मजकूर एवढाच: आपल्या डेकमधून ७० किंवा त्याहून कमी एचपीचे जास्तीत जास्त दोन बेसिक पोकेमॉन शोधा, बेंचवर ठेवा आणि डेक पिसा. एचपी म्हणजे पोकेमॉन किती नुकसान सोसू शकतो तो आकडा, आणि बेसिक म्हणजे अजून न वाढलेला, थेट खाली ठेवता येणारा पोकेमॉन.

अशी कार्डं यादीत पटकन नजरेत भरत नाहीत. नवीन खेळाडू तर ती सरळ ओलांडून पुढे जातात. मला मात्र नव्या संचात सगळ्यात आधी आयटम कार्डं वाचावीशी वाटतात, कारण एखादा पोकेमॉन फार तर एक नवा डेक उभा करतो, पण एक चांगलं आयटम कार्ड आधीचे दहा डेक बदलून टाकतं. ते ओळखायचं कसं, हे जरा सविस्तर सांगायचं आहे. हा खेळ कधीच खेळला नसेल तरी समजेल, म्हणून आधी नियमांची थोडी तोंडओळख.

डेक असतो ६० कार्डांचा. एका नावाच्या चारपेक्षा जास्त प्रती चालत नाहीत, फक्त बेसिक एनर्जीला, म्हणजे हल्ल्यासाठी लागणाऱ्या साध्या ऊर्जा-कार्डांना, ही मर्यादा नाही. सुरुवातीला हातात सात कार्डं येतात आणि सहा कार्डं ‘प्राइझ’ म्हणून पालथी बाजूला ठेवली जातात. समोरच्याचा पोकेमॉन नॉकआउट केला की त्यातलं एक उचलायचं, इएक्ससारखा मोठा असेल तर दोन. आपली सहा प्राइझ आधी संपवणारा जिंकतो. लढणारा पोकेमॉन एकच, त्याला ॲक्टिव्ह म्हणतात. मागे बेंचवर पाच जण बसू शकतात. एका टर्नमध्ये हातातून एकच एनर्जी लावता येते. मदतीच्या कार्डांना ट्रेनर कार्डं म्हणतात. त्यातलं सपोर्टर कार्ड एका टर्नमध्ये एकच खेळता येतं, स्टेडियमही एकच. आयटमला असं कुठलंच बंधन नाही. हातात पाच आयटम असतील तर पाचही एकाच टर्नमध्ये खेळा.

आणखी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०२० पासून, जो पहिला खेळतो त्याला आपल्या पहिल्या टर्नमध्ये सपोर्टर खेळता येत नाही आणि हल्लाही करता येत नाही. म्हणजे त्या टर्नमध्ये मांडामांड करायची तर ती मुख्यतः आयटमच्याच जोरावर. पॉफिनचं मोल समजायला इथून सुरुवात करावी लागते.

आयटम कितीही खेळता येतात म्हणून ती फुकटची कार्डं आहेत असा समज होतो, आणि नव्या आयटमचं मूल्यमापन चुकतं ते बहुतेक वेळा याच समजापायी. आयटमची किंमत टर्नमध्ये मोजली जात नाही हे खरं, पण ती जागेत मोजली जाते. ६० जागा आधीच भरलेल्या आहेत. नवं कार्ड आत यायचं तर जुनं कुठलं तरी बाहेर काढावं लागणार. म्हणून ‘हे कार्ड चांगलं आहे का?’ या प्रश्नाला तसा अर्थ नाही. विचारायचं ते हे: कुठल्या डेकमध्ये, कुठल्या टर्नला, कुणाच्या जागी?

कार्ड बनवणारेही हाच हिशेब करत असतात. याचा सगळ्यात सुंदर पुरावा म्हणजे एकाच कामाला त्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत लावलेल्या वेगवेगळ्या किमती. काम असं: समोरच्याच्या बेंचवरचा आपल्याला हवा तो पोकेमॉन ओढून ॲक्टिव्ह जागी आणायचा. हे इतकं भारी का? कारण समोरचा खेळाडू आपला जखमी किंवा कच्चा, पण दोन प्राइझ देणारा पोकेमॉन नेमका बेंचवर लपवत असतो. तो पुढे ओढून नॉकआउट केला की डावच फिरतो. १९९९ च्या इंग्रजी मूळ संचात हे काम ‘गस्ट ऑफ विंड’ करत होतं. सपोर्टर हा प्रकार तेव्हा अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे ते हवं तितक्या वेळा खेळता यायचं. २०११ मध्ये ‘पोकेमॉन कॅचर’ हे आयटम तेच काम घेऊन आलं, तेही कुठल्याही अटीशिवाय. मग बेंचवर काही सांभाळून ठेवणंच अवघड झालं. छोट्या पोकेमॉनला वाढवून मोठं करणारे डेक सगळ्यात जास्त भरडले गेले, कारण वाढण्याआधीच त्यांना पुढे ओढून मारता यायचं. अखेर २०१३ मध्ये त्याचा मजकूरच बदलला: आधी नाणं उडवा, छापा पडला तरच ओढा. आधी छापलेल्या प्रतींनाही हाच नवा मजकूर लागू झाला. २०१४ मध्ये ‘लायसँडर’ आला, तो सपोर्टर. काम खात्रीचं, पण त्या टर्नमधला एकमेव सपोर्टर त्यात खर्च होणार. २०१७ मध्ये ‘गुझमा’ने त्याच्या जोडीला आपलाही ॲक्टिव्ह बदलण्याची सोय दिली. हाही सपोर्टरच. २०२० पासून ‘बॉसेस ऑर्डर्स’ हे कार्ड लायसँडरचं काम करतं आहे.

आणि मग २०२४ चा तोच टेम्पोरल फोर्सेस संच. त्यात ‘प्राइम कॅचर’ आलं. मजकूर वाचला तर हा गुझमाच आहे: समोरच्याच्या बेंचवरचा पोकेमॉन पुढे ओढा, तसं केलं तर आपला ॲक्टिव्हही बेंचवरच्याशी बदला. फक्त हे सपोर्टर नाही, आयटम आहे! म्हणजे ओढण्याचं काम यानं करायचं आणि त्याच टर्नमध्ये सात कार्डं खेचणारा सपोर्टरही खेळायचा. मग याची किंमत काय? प्राइम कॅचर हे ‘एस स्पेक’ कार्ड आहे. अख्ख्या डेकमध्ये एस स्पेक एकच ठेवता येतं. त्याच्या चार प्रती सोडाच, दुसऱ्या कुठल्याही नावाचं एस स्पेकही सोबत चालत नाही.

हा इतिहास माहीत असेल तर नवं कार्ड वाचताना एक हत्यार हातात येतं. या कामाची आजवरची किंमत काय होती, आणि या वेळी कुठे सूट दिली आहे? नाणं, सपोर्टरची जागा, हातातली कार्डं टाकणं, एखादी अट, एका प्रतीची मर्यादा यांपैकी काहीतरी मोजावं लागतंच. एखाद्या कार्डात यातलं काहीच दिसलं नाही तर दोनदा वाचा. एक तर आपल्या नजरेतून काही निसटलं आहे, किंवा ते कार्ड सगळीकडे दिसणार आहे.

एस स्पेकची जागा एकच असल्यामुळे तिथला हिशेब आणखी कडक होतो. त्याच संचातलं ‘मास्टर बॉल’ बघा. डेकमधून कुठलाही पोकेमॉन शोधून हातात घ्या, बदल्यात काहीही टाकायचं नाही. वाचायला उत्तम. पण नेहमीचं ‘अल्ट्रा बॉल’ हेच काम हातातली दोन कार्डं टाकून करतं आणि त्याच्या चार प्रती ठेवता येतात. म्हणजे मास्टर बॉल घेऊन मिळालं काय, तर एका डावात एकदा दोन कार्डं वाचली. आणि त्यापायी गमावलं काय, तर प्राइम कॅचर. माझ्या मते बहुतेक डेकना हा सौदा परवडत नाही. मास्टर बॉल स्वतः दुबळं नाही, शेजारी बसलेलं कार्ड जास्त तगडं आहे. एकाच डावात एकदाच वापरायच्या कार्डानं दुसरं कुणीही करू शकत नाही असं काम करायला हवं.

आता पॉफिनकडे परत येऊ आणि त्याचा मजकूर शब्द न शब्द वाचू. आयटमच्या मजकुरात एकेक शब्द वजनदार असतो.

‘बेंचवर ठेवा’. म्हणजे पोकेमॉन हातात येत नाही, डेकमधून थेट बेंचवर जातो. यानं काय फरक पडतो? ल्युमिनिऑन व्ही नावाचा पोकेमॉन हातातून बेंचवर खेळला तर डेकमधून एक सपोर्टर शोधता येतो. अल्ट्रा बॉलनं तो हातात आणून खाली ठेवला तर ही शक्ती चालते. ‘नेस्ट बॉल’नं थेट बेंचवर आणला तर चालत नाही. पोकेमॉन तोच, पण ‘हातात’ की ‘बेंचवर’ या एका शब्दानं एक अख्खा सपोर्टर हुकतो. स्पर्धेत नवखे खेळाडू इथे हमखास अडखळताना दिसायचे.

‘७० किंवा त्याहून कमी’. ही पॉफिनची खरी किंमत. मिरायडॉन इएक्सचा एचपी २२०, त्याच्या डेकला पॉफिनचा काडीचा उपयोग नाही. तिथे नेस्ट बॉलच हवं, कारण ते कुठलाही बेसिक आणतं, मात्र एकच. उलट चॅरिझार्ड इएक्सचा डेक घ्या. त्यात चारमँडर आहेत, पिजी आहेत, सगळी चिल्लीपिल्ली. त्या डेकला ही अट जाणवतसुद्धा नाही. म्हणून पॉफिनसारखं कार्ड दिसलं की आपला डेक समोर पसरायचा आणि अटीत बसणारी कार्डं मोजायची. आठ-दहा निघाली तर चार पॉफिन घालायला हरकत नाही. दोन-तीनच निघाली तर पहिलं पॉफिन खेळल्यावर दुसऱ्याला शोधायला उरणार कोण?

‘जास्तीत जास्त दोन’. इथे काळाचा मुद्दा येतो, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोकेमॉन ज्या टर्नला खाली येतो त्या टर्नला तो सहसा वाढवता येत नाही. ‘रेअर कँडी’ हे आयटम मधली पायरी गाळून बेसिकला थेट स्टेज टूवर, म्हणजे वाढीच्या शेवटच्या पायरीवर, नेतं, पण तेही नुकत्याच आलेल्या पोकेमॉनवर चालत नाही. म्हणजे चारमँडर आणि पिजी पहिल्याच टर्नला बेंचवर बसले, तरच दुसऱ्या टर्नला चॅरिझार्ड इएक्स आणि पिजॉट इएक्स उभे राहण्याची शक्यता. एक टर्न उशीर झाला की सगळंच एक टर्न मागे. वरवर पाहता पॉफिन दोन छोटी कार्डं शोधून देतं. प्रत्यक्षात ते एक टर्न वाचवतं, आणि या खेळात टर्नइतकं महाग दुसरं काही नाही.

पॉफिनच्या आधीही अशी सोय होती. नोव्हेंबर २०२१ च्या ‘फ्यूजन स्ट्राइक’ संचातलं ‘बॅटल व्हीआयपी पास’ कितीही एचपीचे दोन बेसिक थेट बेंचवर आणायचं. अट एकच: फक्त आपल्या पहिल्या टर्नमध्ये. पहिल्या टर्नला हाती लागलं तर त्याच्यासारखं कार्ड नाही, दुसऱ्या टर्नपासून ते नुसती अडगळ. मग ५ एप्रिल २०२४ ला स्टँडर्ड, म्हणजे फक्त अलीकडची कार्डं चालणाऱ्या स्पर्धा-प्रकारातून ‘ई’ अक्षराची कार्डं बाद झाली. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात छापलेलं हे अक्षर ते कार्ड कधीपर्यंत चालणार हे ठरवतं. त्यात व्हीआयपी पासही गेला आणि ९० पर्यंत एचपीचा पोकेमॉन शोधणारं ‘लेव्हल बॉल’ही गेलं. टेम्पोरल फोर्सेसची कार्डं स्पर्धेत चालू झाली तीही त्याच दिवशी. पॉफिनचा इतका गाजावाजा झाला त्यात त्याच्या गुणांइतकाच या मोकळ्या झालेल्या जागेचाही वाटा आहे. म्हणून नवं कार्ड तोलताना आत काय येतं आहे त्यासोबत बाहेर काय जातं आहे हेही पाहावं लागतं. व्हीआयपी पास शेजारी असता, तर पॉफिनला कदाचित दोनच जागा मिळाल्या असत्या.

आता प्रती किती ठेवायच्या याचं गणित. घाबरायचं कारण नाही, शाळेतल्या संभाव्यतेपलीकडे यात काही नाही. ६० कार्डांत एखाद्या कार्डाची एकच प्रत असेल तर ती पहिल्या सात कार्डांत येण्याची शक्यता ११.७ टक्के. दोन प्रती असतील तर किमान एक येण्याची २२ टक्के, तीन असतील तर ३१.५, चार असतील तर ४० टक्के. हातात एकही बेसिक नसेल तर पुन्हा वाटायचं असतं, त्यामुळे हे आकडे किंचित सरकतात, पण अंदाजाला पुरेसे आहेत.

चार प्रती ठेवूनही पहिल्या हातात ते कार्ड १० पैकी सहा डावांत येतच नाही! हा आकडा पहिल्यांदा कळतो तेव्हा बहुतेकांना धक्का बसतो. म्हणूनच डेक बांधणारे एकाच कार्डाच्या भरवशावर राहत नाहीत. एकच काम करणारी दोन नावं ठेवतात. चार पॉफिन आणि चार नेस्ट बॉल मिळून आठ कार्डं धरली, तर पहिल्या सातांत त्यांपैकी किमान एक येण्याची शक्यता ६५ टक्क्यांवर जाते. म्हणजे नवं आयटम जुन्या आयटमचं प्रतिस्पर्धीच असतं असं नाही. कधी ते त्याची पाचवी, सहावी, सातवी, आठवी प्रत असतं.

पहिल्या टर्नलाच हवं असलेलं कार्ड असेल तर चार प्रती. डावाच्या मध्यात कधीतरी एकदा लागणारं असेल तर एक-दोन पुरतात, पण तेव्हा ते शोधून आणायची सोय डेकमध्ये आहे का हे बघायचं. ‘आर्व्हेन’ हा सपोर्टर डेकमधून एक आयटम आणि एक टूल, म्हणजे पोकेमॉनला जोडायचं साधन, शोधून देतो. पिजॉट इएक्स तर प्रत्येक टर्नला डेकमधलं हवं ते एक कार्ड हातात देतो. असे साथीदार असलेल्या डेकमध्ये एकच प्रतही वेळेवर सापडते. ते नसलेल्या डेकनं तीच यादी नकलून एक प्रत ठेवली तर ती प्रत दर्शनच देत नाही. शिवाय एकुलती प्रत प्राइझमध्ये अडकून बसण्याची शक्यता दहा टक्के असतेच.

काही आयटम बदल्यात हातातली कार्डं टाकायला लावतात. नवीन खेळाडूला हे नुकसान वाटतं, आणि बऱ्याचदा ते असतंही. पण टाकलेलं कार्ड जिथे जातं त्या डिस्कार्डच्या ढिगातून काम करणारा डेक असेल तर हिशेब उलटतो. ‘अर्दन व्हेसल’ एक कार्ड टाकायला लावतं आणि डेकमधून दोन बेसिक एनर्जी हातात देतं. रेजिंग बोल्ट इएक्सच्या डेकमध्ये ‘प्रोफेसर सादाज व्हायटॅलिटी’ हा सपोर्टर डिस्कार्डमधली एनर्जी उचलून ‘प्राचीन’ गटातल्या दोन पोकेमॉनवर लावतो, वर तीन कार्डंही देतो. तिथे व्हेसलसाठी एनर्जी टाकणं म्हणजे पेरणी आहे. गार्डेव्हॉयर इएक्सचंही तसंच, तोही डिस्कार्डमधली एनर्जी उचलतो.

या बाबतीत २०१४ च्या ‘फँटम फोर्सेस’ संचातलं ‘बॅटल कॉम्प्रेसर’ विसरता येत नाही. मजकूर असा की आपल्याच डेकमधली तीन कार्डं शोधून टाकून द्या. बस. हातात काही येत नाही, बेंचवर काही येत नाही. एकटं वाचलं तर हे कार्ड कुणी का खेळेल असंच वाटतं. पण त्याच संचात ‘व्हीएस सीकर’ होतं, डिस्कार्डमधला सपोर्टर हातात परत आणणारं आयटम. म्हणजे हवा तो सपोर्टर आधी टाकायचा आणि लगेच उचलायचा. दोन आयटमच्या बदल्यात मनाजोगता सपोर्टर. आणि त्याच संचात नाइट मार्च हा हल्ला असलेले जोल्टिक, पंपकाबू आणि लॅम्पेंट होते. डिस्कार्डमध्ये असे जितके पोकेमॉन, त्या प्रत्येकामागे २० नुकसान. अवघ्या ३० एचपीचा जोल्टिक भल्याभल्यांना एका फटक्यात लोळवू लागला, कारण कॉम्प्रेसर ढीग भरून देत होतं. संचातली कार्डं सुटी सुटी वाचू नयेत, एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत, हे मला पटलं ते या उदाहरणामुळे.

अटींकडे बघायची नजरही अशीच डेकगणिक बदलते. ‘काउंटर कॅचर’ बेंचवरचा पोकेमॉन पुढे ओढतं आणि आयटम असून एस स्पेकही नाही, पण समोरच्यापेक्षा आपली प्राइझ जास्त उरलेली असली तरच ते चालतं. म्हणजे आपण मागे असलो तर. सुरुवातीपासून धडाधड प्राइझ घेत पुढे पळणाऱ्या मिरायडॉनच्या डेकमध्ये हे कार्ड हातातच कुजतं. चॅरिझार्ड इएक्सचा डेक मात्र उभा राहायला वेळ घेतो, तोवर समोरचा एक-दोन प्राइझ घेऊन जातोच, आणि समोरच्यानं घेतलेल्या प्रत्येक प्राइझमागे चॅरिझार्डचा हल्ला ३० नं वाढतो. मागे पडणं हे त्या डेकच्या योजनेतच आहे. त्याला ही अट जवळजवळ फुकट पडते. मे २०२४ च्या ‘ट्वायलाइट मास्करेड’मधलं ‘अनफेअर स्टँप’ही याच जातीचं. मागच्या टर्नला आपला पोकेमॉन पडला असेल तरच चालतं, मग दोघांचे हात डेकमध्ये पिसले जातात, आपल्याला पाच कार्डं आणि समोरच्याला दोन. आयटम असल्यामुळे त्याच टर्नला बॉसेस ऑर्डर्सही खेळता येतं. समोरच्याचा हात मोडायचा आणि लगेच त्याचा बेंचवरचा पोकेमॉनही पाडायचा, ही जोडी फार जीवघेणी आहे.

‘सुपर रॉड’ आणि ‘नाइट स्ट्रेचर’ यांची तुलना थोडक्यात आटपते. रॉड डिस्कार्डमधले पोकेमॉन आणि बेसिक एनर्जी मिळून तीन कार्डं डेकमध्ये परत पिसतं. ऑगस्ट २०२४ च्या ‘श्राउडेड फेबल’मधलं स्ट्रेचर एकच कार्ड आणतं, पण थेट हातात. आकडा तीनवरून एकवर आला तरी बहुतेक डेकना स्ट्रेचरच जास्त कामाचं आहे, कारण डेकमध्ये गेलेलं कार्ड पुन्हा शोधावं लागतं आणि हातातलं आत्ता खेळता येतं.

शेवटच्या टप्प्याचा विचार तर आधीच करून ठेवायला हवा. ‘आयोनो’ हा सपोर्टर दोघांचे हात डेकच्या तळाशी पाठवतो आणि ज्याची जितकी प्राइझ उरली तितकीच कार्डं त्याला देतो. एक प्राइझ उरली असेल तर हातात एकच कार्ड. ते कार्ड पॉफिन निघालं तर? तोवर डेकमधली चिल्लीपिल्ली संपलेली असते, बेंचही भरलेलं असतं. सुरुवातीला ज्याच्यासाठी जीव टाकला तेच कार्ड आता निरुपयोगी. स्ट्रेचर किंवा बॉसेस ऑर्डर्स आलं असतं तर डाव वाचला असता. म्हणून प्रत्येक नव्या आयटमला दोनदा तोलावं, एकदा पहिल्या टर्नला आणि एकदा शेवटच्या. पहिल्या टर्नचं बळ इतकं मोठं असेल की शेवटचं ओझं सोसता येईल, तर चार प्रती घाला. पॉफिनच्या बाबतीत छोट्या बेसिकांच्या डेकना ते परवडतं.

आणि कधी कधी आयटम मुळातच खेळता येत नाहीत. २०१४ मध्ये सिस्मिटोड इएक्सचा हल्ला समोरच्याला पुढच्या टर्नमध्ये आयटम खेळू देत नसे, आणि त्यानं कित्येक डेक गोठवून टाकले. १७ जानेवारी २०२५ च्या ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स’मध्ये हेच काम ‘बड्यू’ या ३० एचपीच्या चिमुकल्या पोकेमॉनकडे आलं. त्याच्या हल्ल्याला एनर्जी लागतच नाही. दुसरा खेळणारा आपल्या पहिल्याच टर्नला बड्यू पुढे करून समोरच्याचे आयटम बंद करू शकतो. तेव्हापासून आयटमवर उभ्या डेकना सपोर्टरचा भरणा वाढवण्याचा विचार करावा लागला, आणि पहिला खेळणाऱ्यासाठी पहिल्या टर्नचं पॉफिन आणखी मोलाचं झालं, कारण पुढच्या टर्नला ते खेळायला मिळेलच याची शाश्वती उरली नाही. बड्यू स्वतः ३० एचपीचा बेसिक, म्हणजे त्यालाही पॉफिन शोधून आणतं!

मोबाइलवरचं ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ खेळणाऱ्यांना हे सगळं लागू पडतं का? ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या या खेळात डेक २० कार्डांचा, प्रती जास्तीत जास्त दोन आणि पहिला हात पाच कार्डांचा. दोन प्रतींपैकी किमान एक पहिल्या हातात येण्याची शक्यता साधारण ४५ टक्के, म्हणजे मोठ्या खेळातल्या चार प्रतींच्या जवळपास. विचाराची पद्धत तीच राहते. जागा मात्र २०च असल्यामुळे बाहेर काढलेलं प्रत्येक कार्ड जास्त टोचतं.

कागदावरचा हा सगळा हिशेब झाला की खेळून बघायचं. कार्डं विकत घ्यायची घाई नको. ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’वर फुकट खेळता येतं, आणि मित्रांबरोबर खेळताना जुन्या कार्डावर नव्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवली तरी चाचणी होते. साधी आयटम कार्डं सहसा स्वस्तच असतात. सोनेरी कडांची महागडी प्रत आणि साधी प्रत, मजकूर अक्षरशः एक. जुनी प्रत घरात पडली असेल तर तीही टाकू नका. २०१७ चं नेस्ट बॉल २०२३ च्या ‘स्कार्लेट अँड व्हायोलेट’ संचात पुन्हा छापलं गेलं आणि जुन्या प्रतीही पुन्हा स्पर्धेत चालू लागल्या.

चाचणीत एका वेळी एकच बदल करा. नव्या आयटमच्या दोन प्रती घालायच्या असतील तर कुठली दोन कार्डं काढली ती वहीत लिहून ठेवा. मग डाव खेळताना जेव्हा जेव्हा नवं कार्ड हातात येईल तेव्हा एवढंच नोंदवा: या क्षणी हे हवं होतं, की काढलेलं कार्ड हवं होतं? टर्नचा आकडाही शेजारी लिहा. डाव जिंकला की हरला हे त्या रकान्यात लिहायची गरज नाही, कारण जिंकण्या-हरण्यात बाकीच्या ५८ कार्डांचाही हात असतो.